रात्री दहाचा कायदा

हॉटेल बुक करताना आपण काय काय बघतो? स्टेशनपासून अंतर, फोटो, रेटिंग, ब्रेकफास्ट फुकट आहे का. रात्री तिथे झोप लागते का, हा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता. गेल्या डिसेंबरात पडला.

तर झालं असं. मामेबहिणीचं लग्न होतं बोरीवलीला. मामाचा वन बीएचके पाहुण्यांनी भरून वाहत होता, गाद्या पार दारापर्यंत. बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. त्यांना नीट झोप मिळावी म्हणून मी स्टेशनजवळ एक हॉटेल घेतलं. पुण्याहून पोचायला रात्रीचे नऊ वाजले. खोली स्वच्छ, चादरी पांढऱ्याशुभ्र. आणि खिडकीच्या बरोब्बर मागे, एका सोसायटीच्या आवारात, हळदीचा डीजे!

साडेदहाला खाली गेलो. रिसेप्शनवरचा मुलगा बिचारा अगदी नम्र. "सर, लग्नाचा सीझन आहे ना. बारापर्यंत बंद करतात ते." खोली बदलून मागितली तर म्हणे फुल्ल आहे. साडेबाराला डीजे थांबला आणि समोरच्या रस्त्यावर डंपर सुरू झाले. बोरीवलीत सध्या दर दुसऱ्या गल्लीत एक बिल्डिंग पाडून नवीन उभी राहतेय, त्याचं सामान रात्रीच येतं. खिडकी बंद करून मोबाईलच्या ॲपवर आवाज मोजला तर ५८ डेसिबल. (मोबाईलचा माईक काही प्रयोगशाळेतला नसतो, हे मान्य.) बाबा छताकडे बघत पडले होते. म्हणाले, "अरे, यापेक्षा मामाकडे दारात झोपलो असतो."

परत आल्यावर एका वीकेंडला या विषयाच्या मागे लागलो. हॉटेलात झोप न लागणं ही तक्रार दोन हजार वर्षं जुनी निघाली!

इ.स.पू. पहिल्या शतकात, ज्युलियस सीझरच्या काळात, रोममध्ये इतकी गर्दी झाली होती की दिवसा मालाच्या गाड्यांना शहरात बंदी घातली गेली. मग गाड्या कधी येणार? रात्री. पुढे जुवेनाल नावाच्या कवीने यावर चांगलाच राग काढला आहे. भाड्याच्या खोल्यांत गाड्यांच्या खडखडाटामुळे डोळा लागत नाही आणि शहरात झोप ही पैसेवाल्यांची चैन झालीय, असा त्याचा एकूण सूर. गंमत म्हणजे सीझरच्या काळातल्या त्या बंदीतही देवळांच्या बांधकामाला आणि उत्सवांना सूट होती. सूट देण्याची परंपरासुद्धा तेवढीच जुनी!

दुसरा माणूस आमच्या धंद्यातला, चार्ल्स बॅबेज. कॉम्प्युटरचा आद्य जनक म्हणून त्याचं नाव आपण पहिल्या सेमिस्टरला पाठ करतो. लंडनच्या रस्त्यांवर पेटी वाजवत फिरणाऱ्यांनी त्याला इतकं पिडलं होतं की आपली एक चतुर्थांश कामाची ताकद त्यात वाया गेली असा त्याचा हिशेब होता. १८६४ साली आलेल्या त्याच्या आत्मचरित्रात या उपद्रवावर एक अख्खं प्रकरण आहे. त्याच वर्षी लंडनसाठी कायदाही झाला. घरात आजारी माणूस असेल किंवा कामात अडथळा येत असेल, तर घरमालक वाजवणाऱ्याला हाकलू शकत होता. लोकांनी बॅबेजचीच टर उडवली. अर्थात पेटीवाले बहुतेक गरीब इटालियन होते आणि बॅबेज बंगल्यात राहणारा. म्हणजे शांतता मागणारा श्रीमंत आणि आवाज करणारा गरीब. आजही असल्या तक्रारींकडे आपण असंच बघतो ना? "एवढं काय, एक दिवस तर आहे."

आपल्याकडची गोष्ट मात्र वेगळ्या ठिकाणी सुरू होते, आणि ती वाचून मी बराच वेळ गप्प होतो.

जानेवारी १९९८ मध्ये एक बातमी आली. १३ वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती, पण शेजारी लाऊडस्पीकरवर गाणी एवढ्या जोरात चालू होती की तिच्या हाका कोणालाच ऐकू गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतलं. बातमी वाचून अनिल मित्तल नावाचे गृहस्थ सुप्रीम कोर्टात गेले. ते वकील नव्हते, पेशाने इंजिनियर होते.

खटला चालू असतानाच २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्र म्हणजे १० ते ६. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, बाजारपेठेत ६५ आणि ५५. आता ४५ आणि ७५ मध्ये फरक फक्त ३० चा वाटतो, पण डेसिबल लॉगॅरिदमिक आहे. दर दहाला ध्वनीची ऊर्जा दहापट, म्हणजे हा फरक हजारपटीचा! २००२ मध्ये नियमात दुरुस्ती होऊन राज्यांना वर्षातून १५ दिवसांपर्यंत, सण-समारंभांसाठी रात्री बारापर्यंत सूट देण्याची मुभा मिळाली. मित्तलांच्या याचिकेवर १८ जुलै २००५ रोजी निकाल लागला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की बोलण्याचं स्वातंत्र्य तुम्हाला आहे, पण दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकायला लावण्याचं नाही. शांतपणे जगणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

मुंबईत ही लढाई डॉ. यशवंत ओक आणि सुमैरा अब्दुलअली यांच्यासारख्या लोकांनी हाय कोर्टात लढवली. हॉस्पिटलं, शाळा, कोर्टं यांच्याभोवती शांतता क्षेत्रं जाहीर व्हावीत म्हणून २००३ साली याचिका झाली. अब्दुलअलींचं आवाज फाउंडेशन सणांच्या दिवसांत मीटर घेऊन रस्त्यावर आकडे मोजतं आणि छापायला देतं. हे काम मला फार आवडलं. "खूप आवाज आहे" म्हटलं की वाद होतो, आकडा समोर ठेवला की बोलणं पुढे सरकतं. आणि ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई हाय कोर्टाने हे नियम नुसते कागदावर न ठेवता राबवा म्हणून सरकारला तपशीलवार आदेश दिले.

एवढं सगळं असून त्या रात्री बोरीवलीत साडेबारा का वाजले? हॉटेलचा दोष, पोलिसांचा दोष, सोसायटीचा दोष... यादी माझ्याकडे तयार होती. पण एक गोष्ट अजून सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी आमची हळद होती. मामाच्या बिल्डिंगच्या आवारात, डीजेसकट. बाबा वर तिसऱ्या मजल्यावर पडून होते. दहा वाजले तेव्हा डीजेवाल्याने स्वतःहून विचारलं, "बंद करू का?" मी म्हणालो, "अरे अजून दोन गाणी लाव." आदल्याच रात्री रिसेप्शनवर जाऊन भांडलेला मीच.

दोनाची सहा गाणी झाली. मग मोबाईल बघितला तर बाबांचे पाच मिस्ड कॉल. धावत वर गेलो. त्यांना गरगरलं होतं, घाम फुटला होता. शेजारच्या काकूंनी पंख्याखाली बसवून साखरपाणी दिलं होतं. आदल्या रात्रीचं जागरण आणि दिवसभराची दगदग, एवढंच निघालं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "खिडकीतून हाकसुद्धा मारली रे तुला."

हे दहा वाजताचं बंधन लोकांच्या झोपेसाठी आहे असं मी धरून चाललो होतो. झोपेसाठी आहेच. पण ज्या याचिकेवर तो मोठा निकाल लागला, तिच्या मुळाशी कोणाच्या झोपेची गोष्टच नव्हती. कोणीतरी हाक मारत होतं आणि ती ऐकू गेली नाही, ही होती.

असो. त्या हॉटेलचा एक स्टारवाला रिव्ह्यू अर्धा लिहून ठेवला होता. नंतर डिलीट केला.

पुढच्या मे महिन्यात धाकट्या मामेभावाचं लग्न आहे. डीजे दहाला बंद करायची जबाबदारी मी घेतलीय. भावंडं आत्तापासून शिव्या घालतायत :)