वर्णनलेखनातील तांत्रिक अचूकता : इंग्रजी परीक्षेतील गुणदानाचा इतिहास



इंग्रजीच्या पेपरात तुम्ही 'रेल्वे स्थानकावरील सकाळ' असे वर्णन लिहिता. कल्पना चांगली असते, तरी गुण कापले जातात. पुढच्या वेळी तुम्ही चूक होणारच नाही अशी लहान, सोपी वाक्ये लिहू लागता. ही सावधगिरी फायद्याची आहे का? 'अचूकता' या शब्दाचा अर्थ परीक्षांमध्ये कसा बदलत गेला, हे पाहिले की उत्तर सापडते. त्यासाठी आपण इंग्लंडमधील चार टप्पे पाहू.

१. श्रुतलेखनाचा काळ

१८६२ मध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने प्राथमिक शाळांसाठी 'रिव्हाइज्ड कोड' आला. निरीक्षक प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व अंकगणित यांत परीक्षा घेई. मूल ज्या विषयात नापास होई, त्या प्रत्येक विषयामागे शाळेचे अनुदान २ शिलिंग ८ पेन्सांनी घटे. लेखनाची परीक्षा मुख्यतः श्रुतलेखनाची होती. सर्वात वरच्या सहाव्या पातळीवरही वर्तमानपत्रातील छोटा परिच्छेद ऐकून उतरवायचा असे. स्वतःचे वाक्य रचण्याची गरज नव्हती. अचूकता म्हणजे केवळ चुका नसणे. स्वतः शाळा निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू अरनॉल्ड यांनी या पद्धतीने शिक्षण यांत्रिक होते, अशी टीका केली.

२. परीक्षकांचीच परीक्षा

निबंधाला गुण देताना वेगळीच अडचण येते. फिलिप हार्टोग हे नाव तुम्ही भारतीय शिक्षणाच्या इतिहासात वाचले असेल. ते ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि १९२९ च्या हार्टोग समितीचे अध्यक्ष. त्यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्यासह १९३५ मध्ये 'ॲन एक्झामिनेशन ऑफ एक्झामिनेशन्स' हा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील एका प्रयोगात इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १५ परीक्षकांना दिल्या. वर्षभराहून अधिक काळानंतर त्यांपैकी १४ जणांनी त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या. २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय बदलले. म्हणजे तोच परीक्षक, तीच उत्तरपत्रिका, पण निकाल वेगळा.

३. अचूकतेसाठी वेगळा वाचक

१९६६ मध्ये जेम्स ब्रिटन, नॅन्सी मार्टिन व हॅरॉल्ड रोझेन यांनी निबंध तपासण्याच्या एका प्रयोगाचा अहवाल मांडला. तीन परीक्षकांनी निबंध वाचून एकूण प्रभावाला गुण द्यायचे आणि चौथ्याने फक्त तांत्रिक अचूकता पाहायची, अशी ती रीत होती. नेहमीच्या तपासणीपेक्षा या पद्धतीचे गुण अधिक विश्वसनीय ठरले. आशय व अचूकता वेगवेगळ्या नजरेने वाचता येतात, हे यातून दिसले.

४. आजची विभागणी

२०१७ पासून घेतल्या जाणाऱ्या नव्या जीसीएसई परीक्षेत एक्यूए मंडळाच्या पहिल्या पेपरातील वर्णन किंवा कथालेखनाच्या प्रश्नाला ४० गुण आहेत. आशय व मांडणीला २४, तांत्रिक अचूकतेला १६. या १६ गुणांत विरामचिन्हे व स्पेलिंग तर येतातच, शिवाय वाक्यरचनेचे वैविध्य आणि शब्दसंग्रहाचा आवाकाही येतो. श्रुतलेखनाच्या काळापासून हा मोठा बदल आहे. केवळ सोपी, निर्दोष वाक्ये लिहिणारा विद्यार्थी इथे वरच्या श्रेणीत पोहोचत नाही.

यातून तुम्ही काय घ्याल?

तुमच्या परीक्षेचे नियम वेगळे असतील. पण चौथ्या वाचकाची युक्ती स्वतःच्या लिखाणावर वापरता येते. आधी मोकळेपणाने लिहा. शेवटची पाच मिनिटे राखून ठेवा आणि तेव्हा फक्त अचूकतेसाठी वाचा. मराठी भाषकांनी तीन गोष्टी विशेष पाहाव्यात.

स्वल्पविराम : 'पाऊस थांबला, हमाल बाहेर आले' हे मराठीत सहज चालते. इंग्रजीत 'द रेन स्टॉप्ड, द पोर्टर्स केम आउट' ही चूक धरतात, कारण दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडली आहेत. मध्ये पूर्णविराम दिला तर चूक सुधारते. 'व्हेन द रेन स्टॉप्ड, द पोर्टर्स केम आउट' असे लिहिले तर चूकही सुधारते आणि वाक्यरचनेवरील पकडही दिसते.

काळ : 'गाडी थांबली. लोक धावतात, ढकलतात' अशी उडी मराठीत रंगत आणते. इंग्रजी वर्णनात निवडलेला काळ विनाकारण बदलू नका.

उपपदे : मराठीत ती नाहीत, म्हणून सुटतात. हमालाचा पहिला उल्लेख 'अ पोर्टर', त्याच हमालाचा पुढचा उल्लेख 'द पोर्टर'.

सारांश

अचूकतेचा अर्थ 'चूक टाळणे' इथून 'भाषेवर ताबा असणे' इथपर्यंत आला आहे. तेव्हा चुकीच्या भीतीने वाक्य आखूड करू नका. मोठे वाक्य लिहा आणि ते तपासा.

स्वाध्याय

१. श्रुतलेखनातील अचूकता आणि वर्णनलेखनातील अचूकता यांतील फरक स्पष्ट करा.
२. तुमच्या जुन्या उत्तरपत्रिकेतील एक परिच्छेद घ्या. वरील तीन मुद्द्यांसाठी तो तीन वेळा वाचा आणि दरवेळी सापडलेल्या चुका वेगळ्या नोंदवा.