‘समजले नाही’ म्हणण्याचा इतिहास

विज्ञानाच्या इतिहासात शोधांच्या तारखा काटेकोरपणे नोंदल्या जातात. ते शोध लावणारी माणसे शिकत असताना कोठे अडली आणि त्यांनी कोणाला विचारले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. विद्युत परिपथाच्या गणितात अडलेला विद्यार्थी आजही उत्तर मागतो आणि शंका गिळतो. साहित्याच्या वर्गातही आमचा अनुभव वेगळा नाही. म्हणूनच मायकेल फॅरडेच्या विद्यार्थिदशेकडे आम्हांस पुन्हा वळावेसे वाटले.

फॅरडे (जन्म १७९१) हा लोहाराचा मुलगा. १८०५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो लंडनमध्ये रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीकाम शिकण्यासाठी उमेदवार म्हणून राहिला. बांधणीला आलेली पुस्तके तो वाचीत असे. विजेची पहिली ओळख ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ने करून दिली आणि रसायनशास्त्राचा पाया जेन मार्सेट यांच्या संवादरूप पुस्तकाने घातला, असे त्याने पुढे स्वतःच नमूद केले आहे.

या पुस्तकाची जन्मकथा लक्षणीय आहे. हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकताना मार्सेटबाईंना सारे उमगत नसे. एका स्नेह्याशी बोलून शंका फेडल्यावर विषय सुकर होई. हा अनुभव त्यांनी प्रस्तावनेतच सांगितला आणि १८०६ साली पुस्तक आणले ते संवादाच्या रूपात. त्यात मिसेस बी. या शिक्षिका असून एमिली आणि कॅरोलाइन या दोन विद्यार्थिनी आहेत. कॅरोलाइन उतावळी, आक्षेप घेणारी, एमिली विचारी. चुकीचा तर्क आणि अर्धवट समज यांनाही येथे छापील पानावर जागा मिळाली. ‘दासबोधा’तील श्रोत्यांच्या आशंका परिचित असणाऱ्या मराठी वाचकाला या रूपाचे सामर्थ्य वेगळे सांगावयास नको. शंका घेणारा समोर असल्याखेरीज निरूपण पुढे सरकत नाही.

फॅरडेला असा सहवास टेटम यांच्या व्याख्यानांत लाभला. १८१० पासून तो तेथे जाऊ लागला. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग पडे. ते त्याचा थोरला भाऊ देई. तेथेच बेंजामिन ॲबट हा मित्र भेटला. १८१२ च्या जुलैमध्ये फॅरडेने त्याला आपल्या पहिल्या बॅटरीची हकीकत लिहून कळविली. अर्ध्या पेनीच्या नाण्याएवढ्या जस्ताच्या सात चकत्या, तितकीच तांब्याची नाणी आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागदाचे सहा तुकडे, एवढीच तिची सामग्री. तिच्या प्रवाहाने त्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणाचे विघटन घडवून आणले. वाचलेले हाताने पडताळायचे आणि पडताळलेले दुसऱ्याला समजेल असे लिहायचे, ही त्याची अभ्यासाची रीत होती. पुढे १८१३ मध्ये डेव्हींचा साहाय्यक म्हणून त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनचे दार उघडले.

एक उणीव मात्र राहूनच गेली. औपचारिक गणित त्याला कधीच अवगत झाले नाही. त्याच्या बलरेषांच्या कल्पनेला गणिती रूप देण्याचे काम जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८५५-५६ मध्ये आरंभिले. १८५७ च्या नोव्हेंबरात फॅरडेने मॅक्सवेलला पत्र लिहिले. गणितज्ञ आपल्या निष्कर्षाप्रत पोहोचल्यावर ते निष्कर्ष सूत्रांइतक्याच पूर्णतेने सामान्य भाषेत सांगता येणार नाहीत काय, अशी त्याची पृच्छा होती. विचारणारा सहासष्ट वर्षांचा जगन्मान्य शास्त्रज्ञ, आणि ज्याला विचारले तो अवघा सव्वीस वर्षांचा.

या पृच्छेत आम्हांस लाचारी दिसत नाही. आपले अज्ञान नेमके कोठे सुरू होते, हे जाणणाऱ्या माणसाचा तो प्रश्न आहे. तयार उत्तर उतरवून घेणाऱ्याला ही सीमा कधी दिसतच नाही, आणि उत्तर उतरवून देणारा शिक्षक ती त्याला दिसू देत नाही. आमच्या वर्गांत कॅरोलाइन गप्प बसत असेल, तर दोष तिच्या बुद्धीत शोधण्यापूर्वी आम्ही मिसेस बी. झालो आहोत का, हे तपासणे उचित ठरेल.