काडीला मुळं फुटली त्याची गोष्ट

आपल्या कार्ल्याच्या लेण्यात एक जुना ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकानं, म्हणजे सुगंधी वस्तू विकणाऱ्यानं, दरवाजा दान दिल्याचा. गोष्ट साधारण दोन हजार वर्षांची. एकविरा आईच्या पायऱ्या चढताना आम्हाला वाटतं, गंधाचा धंदा म्हणजे फुलझाडंही कुणीतरी जोपासलीच असणार.

झाडाच्या काडीवरून झाड करण्याची विद्या जुनीच. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत झाडांवर अख्खा अध्याय लिहिला. डाळिंब, द्राक्ष, महाळुंग यांच्या फांद्या शेणानं लिंपून लावाव्यात, असं तो सांगतो. तिकडे हॉलंडचे माळी काडीचं टोक चिरून त्यात धान्याचा दाणा बसवायचे. ऐकून आम्हीही हसलो. पण १९३०च्या दशकात शास्त्रज्ञांना कळलं, की ऑक्सिन नावाच्या द्रव्यामुळं काडीला मुळं फुटतात, आणि मोड येणाऱ्या दाण्यात ते असतं. दुकानात मिळणारी मुळांची पावडर त्याच जातीची.

आम्ही यात पडलो ते एका लिंबापायी. गटातल्या एकीच्या सासूबाईंनी लावलेलं कागदी लिंबू नव्या खोलीच्या पायात येत होतं. दिवाळीनंतर खोदकाम. बी लावलं तर फळाला पाच-सहा वर्षं, आणि सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढं.

आधी काड्या शेणात बुडवून लावल्या. मावळचा पाऊस तो, सगळ्या कुजल्या. मग गुटी बांधली. चिनी माळी लिचीची रोपं शेकडो वर्षं अशीच करत आलेत. फांदीची इंचभर साल गोल काढली, ओलं शेवाळ गुंडाळलं, वर प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट. महिन्यानं सोडून बघतो तर साल पुन्हा जुळलेली! कृषी सहायक ताई म्हणाल्या, "आतला बुळबुळीत थर खरवडला नाहीत." तो राहिला की जखम भरते. खरवडला की पानांतून सालीवाटे खाली येणारं अन्न तिथंच अडतं, वरच्या काठाला साठतं, आणि मुळं तिथूनच निघतात.

ऑगस्टमध्ये पुन्हा सात गुट्या बांधल्या. दोन महिन्यांनी चारांत पांढरी मुळं प्लास्टिकमधून दिसायला लागली. खोदकाम ठरल्या दिवशी सुरू झालं. चार रोपं तेव्हा मोरीजवळ, तेलाच्या डब्यांत होती. सासूबाई रोज तांब्याभर पाणी घालतात, आणि आम्हाला हात लावू देत नाहीत.