हायब्रीड आलं आणि बियाण्याचं मडकं रिकामं झालं

आपल्याकडं एखाद्या भाजीला चव नसली किंवा तरण्या पोराला चार पोती उचलवली नाहीत, की लोक पटकन म्हणतात, "हायब्रीड आहे ते!" शेतीशास्त्रातला एक चांगला शब्द साठ वर्षांत असा टोमण्याचा कसा झाला? मला वाटतं, त्याचं उत्तर चुलीपुढं सापडतं.

जरा मागं जाऊ. सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं पहिलं वाण १९६४ साली आलं. पुढच्याच वर्षी पावसानं दगा दिला, देशभर धान्याची टंचाई. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी पुण्यात शनिवारवाड्यावर जाहीर सांगितलं, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. पुढं हायब्रीडच्या प्रचाराला सरकारी यंत्रणा जोमानं भिडली. ग्रामसेवक, प्रात्यक्षिकाचे प्लॉट, खताची पोती, सोसायटीचं कर्ज. शेतकऱ्यानं ते घेतलंही. आपला शेतकरी नव्याला घाबरतो म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा बघावा.

पण हे सगळं बोलणं कुणाशी झालं? पारावर, चावडीत, सोसायटीच्या कचेरीत जे बसले होते त्यांच्याशी. म्हणजे पुरुषांशी.

आता तोपर्यंत बियाण्याचं काम घरात कसं चालायचं ते आठवा. खळ्यावर कणसं आली की मळणीच्या आधी भरदार, टपोरी कणसं बाजूला निघायची. बहुतेक घरांत हे बायकांचं काम. ती वाळवायची, दाणे राखेत घोळायचे, लिंबाचा पाला घालून मडक्यात नाहीतर कणगीत ठेवायचे, तोंड शेणामातीनं लिंपायचं. पेरणीच्या दिवशी ते मडकं फुटेपर्यंत, म्हणजे उघडेपर्यंत, त्यावर घरातल्या म्हातारीचा हक्क. उपाशी राहू, पण बियाण्याला हात लावायचा नाही, हा कायदा तिचा. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायलाही अनेक भागांत बाईच असायची. दाणा किती दाट सोडायचा हे तिच्या बोटांना ठाऊक.

संकरित बियाण्याचं शास्त्र वेगळं. त्याचंच दाणं राखून दुसऱ्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, उतारा घटतो. म्हणून दरवर्षी नवी पिशवी. पिशवी तालुक्याच्या दुकानात, तालुक्याला जाणार कोण, तर बाप्या माणूस. कुणी ठरवून केलं नाही, पण चार-पाच हंगामांत बियाण्याचा निर्णय मडक्यातून निघून पुरुषाच्या खिशात गेला.

बायकांची तक्रार मात्र नुसत्या हक्काची नव्हती, ती अगदी व्यवहाराची होती. गावरान ज्वारी माणसाच्या डोक्यावरून वर जायची, हायब्रीड ठेंगणी. म्हणजे कडबा कमी. कडबा कमी म्हणजे म्हशीच्या दुधाचा जो पैसा बाईच्या हातात यायचा त्याला कात्री. शंभरेक दिवसांत येणारं हे वाण कापणीला आलं की वरून पाऊस चालूच असायचा. कणसाला बुरशी, दाणा काळा. तो वाळवणं-पाखडणं बायकांच्या कपाळी. बाजारात भाव कमी. आणि भाकरी? पीठ चिकटेना, थापताना चिरा पडायच्या, गार झाली की चिवट. शेतात क्विंटल मोजणाऱ्याला यातलं काही दिसत नव्हतं.

उगाच गावरानाचे गोडवेही गाऊ नयेत. १९७२च्या दुष्काळात रेशनची लाल मिलो आणि रोहयोवरची सुकडी खाल्लेल्या पिढीला विचारा. पोट भरणारं दाणं काळं असलं तरी दाणंच असतं. पुढं सीएसएच-५, सीएसएच-९ अशी बरीच सुधारलेली वाणंही आली. खरीप ज्वारीचं उत्पादन वाढलं ते याच जोरावर, हे नाकारून चालणार नाही.

पण रब्बीकडं बघा. सोलापूर, मंगळवेढा, नगर, बीड या पट्ट्यात आजही मालदांडीचं नाव आहे. मोहोळच्या केंद्रात निवड करून काढलेलं हे मालदांडी ३५-१ वाण १९३०च्या दशकातलं! खरिपात सगळं उलथून टाकणाऱ्या हायब्रीडला रब्बीत तसं जमलंच नाही. कोरडवाहू काळी जमीन, हिवाळ्याची थंडी, खोडमाशी ही शास्त्रीय कारणं आहेतच. त्यांच्या जोडीला भाकरी आणि कडबा ही दोन कारणंही तेवढीच वजनदार. रब्बीची ज्वारी घरात खायची असते, आणि खायच्या ज्वारीत बाईचं मत चालतं.

एक उलटी गंमत सांगतो, गंमत कसली म्हणा. ज्या बायकांच्या हातून घरचं बियाणं गेलं, त्यातल्याच कित्येकींच्या हातांवर बियाण्याचा नवा धंदा उभा राहिला. संकरित कापसाचं बी करायचं तर एकेका फुलातले पुंकेसर हातानं काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी हातानंच परागीभवन करावं लागतं. जालन्याकडच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर हे काम बायका-पोरींनीच केलं. रोजंदारीवर. बियाण्याच्या मालकीणबाई बियाण्याच्या मजूर झाल्या.

याच्या विरोधात काही झालंच नाही असं नाही. नोव्हेंबर १९८६मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला लाखाच्या वर बायका जमल्या. त्यातून पुढं शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' काढली. ज्या गावात शंभर पुरुष बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करतील, त्या गावाला मी येतो, असं त्यांचं सांगणं. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यात गाजलं. जोडीला 'सीताशेती': बाईनं आपल्या तुकड्यावर आपल्या अकलेनं, कमी खर्चाची शेती करून बघायची. जोशींच्या बाजारवादाशी ज्यांचं पटत नाही (माझंही सगळं पटत नाही) त्यांनीही हे मान्य करावं, की जमीन आणि प्रयोग या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

कारण सोपं आहे. ठिबकचं अनुदान, पीककर्ज, विमा, पीएम-किसान, काहीही घ्या. कागद एकच मागतात, सातबारा. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशात जमीन कसणारे म्हणून नोंदलेल्यांत बायका सुमारे १४ टक्के. खुरपणी, वेचणी, काढणीला वावरात कोण असतं ते वेगळं सांगायला नको. तरी सुधारित पद्धतीची योजना आली की ती नवऱ्याच्या नावावर येते, प्रशिक्षणाला तोच जातो, आणि परत येऊन तिला सांगतो किंवा सांगत नाही.

१९९३च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत उभ्या राहिलेल्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग'नं पुढं दुष्काळात एक वेगळी वाट धरली. आख्खं वावर मागायचं नाही. घरात बोलून अर्धा-एक एकर बाईच्या ताब्यात घ्यायचा, त्यात भाजीपाला, डाळी, धान्य मिसळून घ्यायचं, कमी पाण्यात, गांडूळखतावर. आधी घरचं ताट, मग बाजार. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावरान बियाण्याची बँक उभी केली, २०२०ला पद्मश्री झाली. फोटो सगळ्यांनी शेअर केले. आपापल्या घरातलं मडकं कधी रिकामं झालं, हे किती जणांनी विचारलं?

आता थोडं कामाचं. नवरा हयात असताना त्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्याला सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. 'लक्ष्मीमुक्ती योजना' याच नावाचं महसूल खात्याचं परिपत्रक १९९२ सालचं आहे. तलाठ्याकडं गेलात आणि "असं काही नसतं" हे उत्तर मिळालं, तर १५ सप्टेंबर १९९२ ही तारीख सांगा.