सुताराची भाषा आणि घराचा इतिहास : दातिवरे परिसराच्या निमित्ताने

वैतरणा जेथे समुद्रास मिळते तेथे, मुखाच्या उत्तर अंगास दातिवरे हे गाव वसले आहे. दक्षिणेस अर्नाळ्याचा किल्ला आहे. 1534 च्या तहान्वये वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला व 1739 मध्ये मराठ्यांनी तो जिंकून घेतला. या किनाऱ्यावरील कोटांविषयी पुष्कळ लिहिले गेले. घरांविषयी त्या मानाने थोडेच. याचे एक कारण उघड आहे. कोट पडका का होईना, उभा राहतो. घर मात्र पिढीगणिक बदलते. पडवी भिंतीत घेतली जाते, माळा चढतो, चौकट नवी होते, आणि दर दुरुस्तीस सुतार जुने लाकूड काढतो तेव्हा पुरावाही निघून जातो. अशा स्थितीत सुताराची भाषा हे इतिहासाचे साधन होऊ शकेल काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ यापासून आला. सांगाड्याचे शब्दही त्याच थरातील आहेत : ‘खांब’ हा ‘स्कंभ’ यापासून, ‘वासा’ हा ‘वंश’ म्हणजे बांबू यापासून. आज वासा सागाचा असला तरी शब्दात बांबू शिल्लक आहे. ‘करवत’ म्हणजे ‘करपत्र’. ‘रंधा’ व ‘गुण्या’ हे फारसीतून आले. पैकी ‘गुण्या’चे मूळ ग्रीकपर्यंत पोचते. ‘बिजागरी’, ‘चावी’ व ‘रीप’ हे शब्द पोर्तुगीज होत.

यावरून, शब्द ज्यांचा त्यांचीच वस्तू, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ‘दरवाजा’ शब्द फारसी आहे, म्हणून पूर्वी येथे दारे नव्हती असे कोणी म्हणणार नाही, ‘कवाड’ होतेच. या कवाडाचे मूळ जे ‘कपाट’, ते मराठीत दाराचा अर्थ सोडून फळ्यांच्या बंद मांडणीस लागले. हिंदीने त्याच वस्तूसाठी पोर्तुगीज ‘अलमारी’ स्वीकारली. वस्तू एकच, शब्दांचे मार्ग दोन.

शब्दाचा पुरावा लाकडाच्या पुराव्याशी जुळला तरच तो ग्राह्य धरावा. बिजागरीचेच पाहा. जुन्या पद्धतीचे दार फळीच्याच वरखाली काढलेल्या खुंट्यांवर फिरे. खालची खुंटी उंबरठ्याच्या खळग्यात बसे. असे दार बहुधा चौकट जोडतानाच अडकवावे लागे. बिजागरीचे दार चौकट न हलविता काढता-बसविता येते. म्हणजे बिजागरीने केवळ नवा शब्द दिला नाही, तर दुरुस्तीची रीतच सुलभ केली. हा बदल एखाद्या घरी केव्हा झाला, हे शब्द सांगणार नाही. उंबरठ्यातील बुजविलेला खळगा कदाचित सांगेल.

छपराची गोष्ट याच्या उलट आहे. मंगळूर येथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला. नळीच्या कौलांऐवजी मंगळुरी कौले घालावयाची तर रिपा सारख्या अंतरावर ठोकणे भाग पडते. काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, शब्द मात्र पोर्तुगीज. शब्दाचे वय आणि कामाचे वय एक नव्हे.

आज पालघर-बोईसर भागात प्लायवुड व अ‍ॅल्युमिनियम यांनी दुरुस्तीचे स्वरूप पालटले आहे. जुना उंबरठा निघाला की खळगा गेला, आणि त्याचे नाव जाणणारा सुतारही फार काळ भेटणार नाही. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शब्दसूची घेऊन जाताना मोजपट्टीही न्यावी, आणि चौकट उतरण्यापूर्वी जावे.