उष्णतेचा उपसा



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांच्या प्रांतात भाषेच्या अध्यापकाने शिरावे हे धाडसच होय. तथापि यंत्रांच्या इतिहासातही माणसांचाच इतिहास दडलेला असतो, या आधारावर आज एका यंत्राची हकिकत सांगावयाची आहे. ते यंत्र म्हणजे उष्मापंप.

युरोपासारख्या थंड प्रदेशात घर उबदार ठेवण्यासाठी प्रथम लाकूड, मग कोळसा आणि पुढे तेल व वायू जाळण्याची रीत रूढ झाली. उष्मापंप घरात काहीच जाळत नाही. बाहेरची गार हवा, नदीचे पाणी किंवा जमीन यांतील उष्णता उपसून तो घरात आणतो. गार पाण्यात उष्णता कुठली, असे कोणी विचारील. विहिरीचे पाणी खोल गेले म्हणून ते नाहीसे होत नाही. ते वर काढावयास मोट आणि बैल लागतात, इतकेच. उष्मापंपात बैलाचे काम वीज करते. आपल्या घरातील फ्रीज हेच करीत असतो. आतली उष्णता काढून तो पाठीमागे टाकतो, म्हणून त्याची पाठ गरम लागते.

हिशेबातील खरा फरक येथेच आहे. एक भाग इंधन जाळले तर एका भागाहून अधिक उष्णता मिळणे शक्य नाही, आणि काही धुराड्यावाटे जातेच. उष्मापंपास मात्र एक भाग वीज दिली तर अनुकूल स्थितीत तीन-चार भाग उष्णता घरात येते. येथे एक भाषिक गंमत नमूद करण्याचा मोह आवरत नाही. आपल्या न्हाणीघरातला, मधल्या नळीत निखारे घालून पाणी तापविणारा तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना इंधनाची रीत वेगळी समजावण्याची गरज नाही. पण हा ‘बंब’ शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला असे मानतात, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ पंप असा आहे! ‘आगीचा बंब’ या प्रयोगात तो अर्थ अजून टिकून आहे.

असो. या कल्पनेचे बीज फ्रान्समधील सादी कार्नो याच्या १८२४ च्या ग्रंथात आहे. उष्णता उंचावरून खाली उतरताना काम करते, असे धबधब्याचा दृष्टांत देऊन त्याने मांडले. मग काम खर्चून तिला खालून वर का चढवू नये? हा प्रश्न १८५२ साली ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी हाती घेतला. त्याआधी खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी उष्ण कटिबंधातील घरे थंड करण्याची योजना मांडली होती. तसेच यंत्र उलट वापरून थंड देशातील घरे तापविता येतील, आणि तेही थेट जाळण्यास लागेल त्याहून पुष्कळ कमी कोळशात, असे थॉमसन यांनी दाखवून दिले. चारच वर्षांनी, १८५६ मध्ये, ऑस्ट्रियातील एबेनझे येथील मिठागरात पेटर फोन रिटिंगर यांनी याच तत्त्वावर खारे पाणी आटविण्याचा प्रयोग केला. उकळत्या पाण्याची वाफ दाबून तिची उष्णता पुन्हा त्याच पाण्यास द्यावयाची, आणि यंत्र जलशक्तीवर चालवावयाचे. हेतू लाकूड वाचविण्याचा होता. पण मिठाचे थर साचू लागल्याने काम अडले.

त्यानंतर घरे तापविण्याच्या बाबतीत दीर्घ काळ फारसे काही घडले नाही. तंत्र अपुरे होते, असे याचे कारण सांगण्यात येते. मला ते पुरेसे वाटत नाही. त्याच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्फ तयार करणारी आणि जहाजांतून मांस थंड नेणारी यंत्रे बाजारात आली होती. अंतरंगात ती उष्मापंपच. गारव्याला दुसरा सोयीचा मार्ग नव्हता. उबेला कोळसा होता. लोखंडी शेगडी स्वस्त आणि खाण जवळ असता महागडे यंत्र कोण घेणार?

हा प्रश्न प्रथम स्वित्झर्लंडने वेगळ्या रीतीने सोडविला. त्या देशाला कोळसा बाहेरून आणावा लागे, परंतु डोंगरी नद्यांमुळे जलविद्युत घरची होती. झुरिक शहराचे १६९८ मध्ये बांधलेले नगरभवन लिमात नदीच्या पात्रालगतच उभे आहे. १९३८ मध्ये तेथे त्याच नदीच्या पाण्यातून उष्णता उपसणारा पंप बसला. पुढे महायुद्धात कोळशाची आवक आटली आणि १९४१ मध्ये झुरिकच्या बंदिस्त जलतरण तलावालाही अशाच यंत्राचा आधार मिळाला. नगरभवनातील तो पंप २००१ पर्यंत चालला. इतके आयुष्य कितीशा बॉयलरांना लाभते?

मात्र इंधनाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. वीज कोळशाची असेल तर औष्णिक केंद्रातच सुमारे दोन-तृतीयांश उष्णता वाया जाते, आणि उष्मापंपाचा तिप्पट लाभ जवळपास तेथेच फिटतो. कडाक्याच्या थंडीत उपसा खोलवरून करावा लागतो, तेव्हा वीजही अधिक लागते. प्रारंभीचा खर्च बॉयलरहून जास्त. त्यातून अशा यंत्रांत दीर्घकाळ वापरलेले फ्रिऑनसारखे वायू ओझोनच्या थरास घातक ठरले आणि १९८७ च्या माँट्रियल कराराने त्यांवर बंधने आली. स्विस यंत्र यशस्वी झाले ते नदीच्या पाण्याइतकेच नदीच्या विजेमुळे, हे विसरून चालणार नाही.

युद्धानंतर तेल स्वस्त झाले आणि ही विद्या पुन्हा मागे पडली. १९७३ च्या तेलसंकटाने तिची आठवण करून दिली. ज्यांच्या विजेत कोळशाचा वाटा अल्प, त्या स्वीडनने ती मनापासून उचलली; १९८० च्या दशकात स्टॉकहोमने बाल्टिक समुद्राच्या पाण्यातून शहराला ऊब पुरविणारे प्रचंड पंप उभारले. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचा वायू युरोपास दुर्मिळ झाला आणि त्या वर्षी तेथे उष्मापंपांची विक्रमी विक्री झाली. २०२३ मध्ये वायूचे भाव उतरले, आणि विक्रीही उतरली.