सारा कुठला, खर्च कुठला?

दोन देशांच्या करांची तुलना करायची म्हटली, की आपण आकड्यांपासून सुरुवात करतो. वाचकहो, मी ती यावलपासून करणार आहे.

यावलहून फैजपूरवरून सावद्याकडे निघालात, की वाटेत केळीचे मळे लागतात. १८५२ साली या भागात सरकारी मोजणीची साखळी आली. यावल शिंद्यांकडून इंग्रजांकडे येऊन तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षे झाली होती. मोजणीचा प्रमुख होता कॅप्टन जॉर्ज विंगेट. मोजणी झाली की सारा वाढणार, अशी लोकांनी धास्ती घेतली. नोव्हेंबरात सावद्याजवळ कलेक्टर मॅन्सफील्ड आणि विंगेट यांच्या तळापाशी शेतकऱ्यांचा मोठा जमाव जमला. मोजणी थांबवा, हेच त्यांचे मागणे. शेवटी फौज आली, पुढारी पकडले गेले आणि मोजणी पुढे चालू राहिली.

त्याच सुमारास इंग्लंडात काय चालले होते, बघा. १८४२ साली पंतप्रधान पील यांनी तिथे प्राप्तिकर पुन्हा बसवला. पौंडामागे सात पेन्स. पण वर्षाला १५० पौंडांहून कमी मिळकत असेल तर तो माफ. तिथला गरीबही चहा-साखरेवरची जकात भरीतच होता, हे खरे; तरी निदान हा कर तरी मिळकत बघून बसे. आपल्याकडे सरकारी उत्पन्नाचा सर्वांत मोठा वाटा जमीनमहसुलाचा. त्याचा दर एकदा ठरला की तीस वर्षांसाठी ठरला. शेतकरी लहान आहे म्हणून सूट नाही.

आणि हेच विंगेटसाहेब पुढे काय लिहितात? १८५९ साली लंडनमध्ये त्यांनी हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या आर्थिक व्यवहारावर एक पुस्तिका काढली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या देशात कर गोळा होतो तिथेच तो खर्च झाला, तर मजुरीतून आणि खरेदीतून पैसा पुन्हा लोकांत फिरतो, एका देशात गोळा होऊन दुसऱ्या देशात खर्च झाला, तर पहिल्या देशाला तो कायमचा अंतरला. दादाभाई नौरोजींनी ही साक्ष पुढे आपल्या बाजूने वापरली. आमची शेते मोजणाऱ्याचीच साक्ष ती!

आता आकडे. १९०४ च्या सुमारास रमेशचंद्र दत्तांनी हिशेब मांडला. दरडोई वार्षिक मिळकत इंग्लंडात ४२ पौंड, इथे २ पौंड. कराची नुसती रक्कम पाहिली तर इंग्रज माणूस आपल्या सुमारे पंधरापट भरत होता. पण मिळकतीच्या एका पौंडामागे त्याचे जात २० पेन्स आणि आपले २८. रक्कम तिकडे मोठी, ओझे इकडे जड.

१९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले ते याच फैजपुरात, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली. तिथल्या शेतीविषयक ठरावात साऱ्यात भरीव घट मागितली होती. न परवडणाऱ्या लहान जमिनींना माफी मागितली होती. आणि शेतीच्या मोठ्या उत्पन्नावर इतरांसारखाच चढत्या दराने प्राप्तिकर बसावा, असेही म्हटले होते. म्हणजे नकार कराला नव्हता; मिळकत बघून कर घ्या, एवढेच म्हणणे होते.

तेव्हा दोन देशांच्या करांचे आकडे समोर आले, की ‘किती?’ एवढ्यावर थांबू नका. कशातून घेतला आणि कुठे खर्च झाला, हेही विचारा.